चौथ्या कडव्यात आहे, सर

आमच्या घरी सकाळ कोंबड्यानं व्हायची नाही, तातीनं व्हायची. अब्बा पिंजारी होते. माणसाच्या उंचीची लाकडी पिंजण छताला टांगलेली, तिला आतड्याची तात ताणून बांधलेली, आणि ती छेडायला अब्बांच्या हातात लाकडी मूठ. तात रुईत धरून मूठ हाणली की दगड झालेली जुनी रुई तंतूतंतूनं सुटायची आणि अर्धी खोली पांढरी व्हायची. टंग, टंग, टंग आणि मधेच लांबलेला धुऽऽन. त्या ठेक्यावर आम्ही उठायचो, त्या ठेक्यावर अम्मी भाकरी थापायची आणि त्याच ठेक्यावर मी पाढे म्हणायचे. कारंजा गावात कापसाच्या गाड्या उतरायच्या त्या बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं, आणि त्या घरात रुई नाही अशी जागा नव्हती. केसांत रुई, पुस्तकांत रुई, कढीतल्या गोळ्यांवरसुद्धा एखादा तंतू तरंगायचाच. पाहुणा तो बोटानं काढायला लागला की अम्मी म्हणायची, "खाऊन घ्या, भाऊ. मेहनतीचा हाये, पोटात नाही दुखत."

माळ्यावर एक पोतं असायचं, त्याला मात्र कुणी हात लावायचा नाही. ती 'शम्मोची रुई'. शम्मो म्हणजे मी, शमीम. पिंजाऱ्याच्या पोरीच्या लग्नाची गादी बापानं स्वतःच्या हातानं पिंजायची, असा आमच्यातला रिवाज. मी जन्मले तेव्हापासून दर हंगामात लांब धाग्याची, सायीसारखी मऊ रुई दिसली की अब्बा त्यातली थोडी माझ्या पोत्यात टाकायचे. आम्हा दोघांत जास्त वेगानं कोण वाढतंय, पोतं की पोरगी, असं अम्मी चेष्टेनं म्हणायची. मॅट्रिकच्या वर्षी पोत्यानं मला मागं टाकलं होतं.

घरात आम्ही जे बोलायचो ते धड उर्दू नव्हतं आणि धड मराठीही नव्हतं. वऱ्हाडीच्या पातेल्यात उर्दूची फोडणी, एवढंच. पण शाळेतली पुस्तकी मराठी मला इतकी आवडायची की मी धड्यांतली वाक्यं भाजीवाल्यासमोर म्हणायचे आणि तो बिचारा दोन मिरच्या जास्त टाकून मोकळा व्हायचा. आणि त्याहून आवडायची ती भुलाबाई. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गल्लीतल्या पोरी संध्याकाळी घरोघर जमायच्या. भुलोजी-भुलाबाईच्या मातीच्या मूर्तींपुढे टाळ्यांवर गाणी, गाण्यात सासू, नणंद, जावा, सगळ्यांचा उद्धार. माझी जिवाभावाची मैत्रीण कुसुम शेजारीच राहायची, म्हणून मीही जायचे. अम्मीची अट एकच, "गाणं म्हण, खाऊ खाय, हात जोडू नको." मी ती पाळली. पण जुनी गाणी संपली की नवी कोण रचणार? मीच. गल्लीतल्या साऱ्या बिलंदर नणंदांची नावं मी गाण्यात घातली होती आणि दोन घरांत मला येऊ द्यायचं बंद झालं होतं, यावरून माझ्या कीर्तीचा अंदाज यावा.

गाणी झाली की खाऊ ओळखायचा. ज्या घरी भुलाबाई, तिथली आई झाकणाचा डबा घेऊन यायची, हलवून दाखवायची आणि पोरी ओरडायच्या: फुटाणे! शंकरपाळे! पेरू! मी कधी ओरडले नाही. मी विचारायचे. गोड की तिखट, घरचा की विकतचा, दात लागतात की नाही. आणि उत्तरापेक्षा उत्तर देणारीच्या तोंडाकडे बघायचे. कुसुमची आई, तिला सगळी गल्ली माई म्हणायची, खोटं बोलत नसे. पण खाऊ स्वतः केलेला असला की तिची मान एवढीशी वर जायची. मान वर गेली की करंजी किंवा अनारसा, नाही तर विकतचे मुरमुरे. हे गणित मी कुणाला सांगितलं नव्हतं. माई मला म्हणायची, "ही पोट्टी डब्यात नाही पाहात, माह्या पोटात पाह्यते."

निकाल लागला. मराठीत आणि इतिहासात मी शाळेत पहिली. विज्ञानात आणि गणितात काठावरून पलीकडे उडी मारलेली, तीही ओल्या पायांनी. मराठीचे मास्तर म्हणाले, बी.ए. कर, पोरी, तुझी वाट सरळ आहे. मीही तेच धरून बसले होते. पण विज्ञानाच्या वानखडेबाईंनी मला शाळेच्या व्हरांड्यात गाठलं. बाई धनज गावच्या. त्यांचे आईवडील दुसऱ्याच्या वावरात राबायचे, दीक्षा घेतलेलं घर, आणि त्यांच्या घरात पाटीवर पहिलं अक्षर बाईंनीच काढलेलं. बोलणं तोंडावर, आडपडदा नाही.

"शेतकी विद्यापीठात अर्ज भर," त्या म्हणाल्या.

मला वाटलं बाई थट्टा करतायत. "बाई, तिथं तर सगळं सायन्स असतं. माझं सायन्स तुम्हीच तपासलंय."

"तपासलं म्हनूनच सांगून राह्यली. सायन्स येनारे पोट्टे तिथं ढिगानं जातेत. शिकतेत, साहेब होतेत अन् गावात येऊन असं बोलतेत का आमच्या बापाले एक शब्द समजत नाही. माहा बाप मान हालवते अन् घरी येऊन मले इचारते, तो काय म्हने वं? बी.ए. करून तू गानी लिहिशीन. ते तर तू आत्ताबी लिहितं. तुले जे येते ते तिथं कोनालेच येत नाही, म्हनून तिथं जाय."

असं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. जे येतं तिकडं जायचं असतं, एवढंच मला ठाऊक होतं. जे येतं ते जिथं नाही तिथं घेऊन जायचं, ही भानगड नवीनच होती. मी घरापर्यंत पळत गेले. छातीत अब्बांची पिंजण चालू होती.

घरात मात्र बॉम्बच पडला. अम्मी भाकरी उलटत होती, ती तव्यावरच राहिली. "शेतकी? आपली शेती म्हनजे कुंडीतला पुदिना. त्याच्यासाठी तू एवढ्या दूर जाशीन?" मंगरूळपीरच्या एका चांगल्या घरून माझ्यासाठी विचारणा आली होती, मुलाचं टोप्यांचं दुकान होतं, आणि अब्बांना ते घर पसंत होतं. त्यांनी मूठ खाली ठेवली, माळ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "अर्ज भर. शिकाले मी नाही म्हनत नाही. पन पोरगी बाहेरगावी एकटी राहीन, ते मले झेपत नाही. पयले तिथं बोलावतेत का, ते तर पाहू." म्हणजे अर्धा हो आणि अर्धा नाही, आणि मधे ते रुईचं पोतं. मुलाखतीत निवड झाली तरी अब्बा सोडतील की नाही, आणि अब्बा सोडतील तरी निवड होईल की नाही. दोन कुलपं आणि मी एकटी.

मुलाखतीला बोलावणं आलं आणि माझी पाचावर धारण बसली. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बाईंनी पुस्तकं दिली, मी वाचायचे, आणि झोपून उठले की डोकं धुतल्या पाटीसारखं कोरं. मग एका दुपारी अब्बांची तात चालू असताना मी उगाच गुणगुणले:

नत्र म्हणे स्फुरदाले, चाल माह्या घरी,
पान माहं हिरवं, मूळ तुहं भारी;
पालाश आला मागून, म्हणे मी बी येतो,
रोगराई आली तर आडवा मी होतो.

आणि काय आश्चर्य, दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं जिथल्या तिथं! मग मी सुटलेच. जमिनीचे प्रकार झाले सासरचे लोक, किडी झाल्या नणंदा, पिकांचा फेरपालट म्हणजे सुनांनी पाळीपाळीनं चूल धरणं. भुलाबाईच्या गाण्यासारखं एकच लांबलचक गाणं, कडव्याला कडवं जोडलेलं. कुसुम समोर बसून टाळ्या द्यायची. अम्मी कुरकुरायची, "भादवा यायचा हाये अजून, हे काय लावलं?" आणि स्वतःच नकळत पायानं ठेका धरायची. बाईंनी ऐकलं तेव्हा त्या हसून हसून खाली बसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "बदलू नको काही. असंच पाठ कर." फक्त एक गोष्ट आम्हा दोघींच्याही ध्यानात आली नाही, आणि ती मुलाखतीत आली.

मुलाखतीच्या दिवशी अब्बा निघाले ते पिंजण घेऊन. मी रडकुंडीला आले. "अब्बा, तिथं मोठमोठे साहेब असतील." ते म्हणाले, "साहेब काय जमिनीवर झोपतेत? तू आत बसशीन, तवरोक मी काय माशा मारू?" एसटीच्या टपावर पिंजण बांधली. कंडक्टरनं विचारलं, "चाचा, हे वाद्य कोणतं?" अब्बा म्हणाले, "याच्यावर सारा गाव झोपते." वाटेत आम्ही भाकर, बेसनाचं चून आणि फोडलेला कांदा खाल्ला. मी खिडकीबाहेर बघत सगळं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून काढलं. एकही ओळ अडली नाही. वावरात पेरण्या उरकल्या होत्या, काळ्या मातीतून हिरवे ठिपके वर आले होते, आणि मला प्रत्येक ठिपक्याला हाक मारावीशी वाटत होती.

विद्यापीठाच्या व्हरांड्यात बाकांवर मुलगेच मुलगे होते. एकमेकांना किती एकर, विहीर आहे का, असं विचारत होते. एकानं मला विचारलं, "तुमच्याकडं काय आहे?" मी म्हणाले, "पुदिना." त्याला तो एखादा गावच वाटला असावा, कारण त्यानं गंभीरपणे मान हलवली.

आत तिघं बसले होते. मधे चष्म्याचे सर, बोलणं पुण्याकडचं, स्वच्छ आणि कोरडं. उजवीकडे भरघोस मिशांचे सर, बघताक्षणी आपल्या वऱ्हाडातले. डावीकडचे नुसतं लिहीत होते. टेबलावर कागद आणि एक गोल झाकणाचा डबा. मला वाटलं कुणाचं तरी जेवण. मी पुस्तकी मराठीत नमस्कार-चमत्कार केले आणि बसले.

"परागीभवन म्हणजे काय?" चष्म्याच्या सरांनी विचारलं.

मला येत होतं! अगदी ओठांवर होतं. पण बाईंच्या आणि माझ्या ध्यानात न आलेली गोष्ट हीच, की साखळीचं गाणं मधूनच सुरू होत नाही. परागीभवन होतं चौथ्या कडव्यात, आणि चौथ्यापर्यंत जायचं तर नत्राच्या घरापासून निघावं लागत होतं. मी मनातल्या मनात धावत सुटले. ओठ हलायला लागले, बोटं गुडघ्यावर ठेका धरायला लागली.

"काय पुटपुटतेस?" सर म्हणाले.

"येतंय सर. चौथ्या कडव्यात आहे. आत्ता दुसरं चालू आहे."

लिहिणाऱ्या सरांचं पेन थांबलं. मिशांचे सर पुढं झुकले. "कायचं कडवं वं?"

झालं, माझी पुस्तकी मराठी खिडकीतून पळाली. मी सगळं सांगून टाकलं, की विज्ञान डोक्यात राहत नाही, गाणं राहतं, म्हणून भुलाबाईच्या चालीवर बांधलंय. मिशांचे सर म्हणाले, "मंग मनात कायले? मोठ्यानं म्हन." आणि तेवढ्यात बाहेरून आवाज आला. टंग, टंग, टंग, धुऽऽन. चष्म्याच्या सरांनी खिडकीकडं बघितलं. "हे काय वाजतंय?"

"माहे अब्बा हायेत सर. पिंजारी हायेत. काम शोधून राह्यले."

मला लाज वाटायला हवी होती. पण तो ठेका ऐकला आणि माझ्या अंगात बळ आलं, खरंच सांगते. घरातला तोच ठेका. मी गायला लागले. नत्र, स्फुरद, पालाश, जमिनी, नणंदा, सगळे आले आणि शेवटी चौथं कडवं आलं:

फुलाच्या घरी पाहुणे आले, पाय पिवळे करून गेले,
शेजारणीच्या दारी पुसले, बोंड बसून राह्यले.

मिशांच्या सरांनी टेबलावर थाप मारली. चष्म्याचे सर मात्र हलले नाहीत. "बोंड म्हणजे कपाशी. कपाशीचं फूल बहुतेक आपलं आपणच भागवतं. तिला पाहुण्यांची फारशी गरज नसते. चूक आहे."

"मंग ते कडवं बदलून टाकीन सर. पाहुणे दुसऱ्या घरी पाठवीन."

त्यांच्या ओठाची एक कड हलल्यासारखी वाटली. "भुलाबाई मानतेस तू?"

"मानत नाही सर. गाते."

त्यांना भुलाबाई माहीतच नव्हती. मी सांगितली, मूर्ती, टाळ्या, गाणी, आणि शेवटी खाऊ ओळखणं. "म्हणजे अंदाज बांधायचा," ते म्हणाले. "विज्ञानात अंदाजाला फार किंमत नसते."

"अंदाज नाही सर. इचारून इचारून ओळखाचं. अंदाज बांधनाऱ्या पोरी हारतेत."

मिशांच्या सरांना हे भलतंच आवडलं. त्यांनी टेबलावरचा डबा उचलला आणि माईसारखाच कानाशी हलवला. आत काहीतरी बारीक, गोल, खुळखुळलं. "घे मंग. ओळख याच्यात काय हाये."

त्या क्षणी मुलाखत, विद्यापीठ, सगळं विसरले मी. मला फक्त डबा दिसत होता आणि मिशा दिसत होत्या. "गोड का तिखट?"

"चाखलं नाही अजून."

"घरचं का विकतचं?"

"ना घरचं, ना विकतचं." त्यांनी चष्म्याच्या सरांकडे चोरटं बघितलं, पोरं मास्तरांकडे बघतात तसं.

"एकटे खासान का वाटसान?"

"वाटाचंच हाये. साऱ्या जिल्ह्यात." आणि इथं त्यांची मान एवढीशी वर गेली. माईची मान! म्हणजे वस्तू त्यांनी स्वतः केलेली.

"सर, बियानं हाये. तुमी सोता तयार केलेलं."

मग चष्म्याचे सर म्हणाले, "कशाचं?"

मी डबा मागून घेतला आणि हलवला. "दाना बारीक अन् गोल. ज्वारी वाटते." आणि मग जे तोंडातून गेलं ते मी विचार करून बोलले नव्हते, पण त्यानंच माझं आयुष्य फिरवलं. "पन वऱ्हाडातला मानूस म्हनते का ज्वारी चाखली नाही, मंग ही आपली रोजची ज्वारी नाही. नवीन हायब्रीड असन. अन् सर, ते तुमी अजून खाल्ली नाही."

मी डबा हळूच टेबलावर ठेवून दिला. लिहिणारे सर खाली मान घालून हसत होते. मिशांचे सर लालेलाल झाले आणि मग एकदम असे हसले की बाहेरचे मुलगे दारातून डोकावले. चष्म्याच्या सरांनी झाकण काढलं. पांढरीशुभ्र, गोल ज्वारी. ते तिच्याकडं बघत म्हणाले, "लोक हायब्रीड ज्वारीला नावं ठेवतात. पीक दुप्पट येतं तरी. तुला काय वाटतं, का?"

"आमची अम्मी म्हनते, भाकर फिकी लागते अन् सकायची संध्याकायी चावत नाही. गल्लीतल्या बाया म्हनतेत, कडबा ढोरं तोंडात घेत नाही. पीक मानसं मोजतेत सर, भाकर बाया थापतेत. बायाईले कोनी इचारलं का?"

"तू काय केलं असतंस?"

"पयले भाकर करून खाल्ली असती. मंग वाटली असती."

त्यावर त्यांनी मला अजून दोन-तीन प्रश्न विचारले, विज्ञानाचेच. एकाचं उत्तर आलं, बाकीच्यांचं नाही. जाताना ते म्हणाले, "जे येत नाही ते येत नाही म्हणालीस, ते बरं केलंस. तेवढं आम्ही शिकवू शकतो." एवढंच. पण मी त्या खोलीतून बाहेर आले ते जमिनीला पाय न लावता. पुढं नोकरीत मी वऱ्हाडभर हिंडले, शेकडो अंगणांत बसले, आणि प्रत्येक ठिकाणी आधी तेच केलं: डबा पुढं ठेवण्याऐवजी प्रश्न विचारले आणि मानांकडे बघत राहिले. आजही नातू मोबाइलवर काहीतरी लपवतो तेव्हा मी त्याला विचारते, गोड की तिखट? तो वैतागतो. पण मान वर जातेच.

अब्बांना शोधत फाटकाशी आले. त्यांना सगळं सांगायला माझं पोट फुगलं होतं. ते मुलींच्या वसतिगृहाच्या आवारातून येत होते. आवाज ऐकून तिथल्या बाईनं त्यांना आत बोलावलं होतं आणि दोन गाद्या पिंजून घेतल्या होत्या. अब्बांचा चेहरा असा उतरला होता की मुलाखतीचं सांगणं मी पुढं ढकललं. एसटी सुटली, अर्धा रस्ता गेला. शेवटी मीच विचारलं, "होस्टेल कसं हाये, अब्बा?"

"खोल्या साफ हायेत. बाईबी भली हाये. भिताडं उंच हायेत." मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पन गाद्या पाह्यल्या म्या. दगडं हायेत, दगडं. रुईचे गोये झाले. अल्ला जाने कोनी कवा हात लावला होता." आणि मग, अगदी शांतपणे, "तशा गादीवर माही पोरगी निजनार नाही."

संपलं, मला वाटलं. एक कुलूप उघडत होतं तर दुसऱ्याची किल्ली एसटीच्या खिडकीतून बाहेर पडली. इतका राग आला मला! तीन शिकल्यासवरल्या साहेबांना मी हसवलं, आणि माझं शिक्षण अडणार कशावर, तर गादीवर. मी घरापर्यंत त्यांच्याकडं पाठ करून बसले. डब्याची सगळी गोष्ट मी घरी येऊन अम्मीलाच सांगितली.

मग वाट बघणं. मंगरूळपीरचे लोक आले, अम्मीच्या हातच्या शेवया खाऊन, मला बघून गेले. माणसं खरंच चांगली होती, त्यामुळे मला धड रागही धरता येईना. "कळवतो," अब्बा त्यांना म्हणाले. मी कुसुमच्या घरी जाऊन तिच्या धान्याच्या कणगीमागं बसून रडले. कुसुम म्हणाली, "अब्बाले इचार ना सरळ. साऱ्या दुनियेले इचारतं." पण तेवढंच एक विचारायची माझी हिंमत नव्हती. ज्या प्रश्नाच्या उत्तरावर आपलं सगळं अवलंबून असतं, तो विचारताना माझ्यासारखीचीही वाचा बसते.

आणि एका संध्याकाळी वानखडेबाई स्वतः आमच्या दारात. पळत आल्या होत्या, पदर सुटलेला, एका पायातली चप्पल दारातच राहिलेली. "झालं! घेतलं तुले! घेतलं वं!" त्यांनी मला उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तर अम्मीलाच मिठी मारली. अम्मीचे हात पिठाचे. बाईंच्या पाठीवर दोन पांढरे पंजे उमटले. गल्ली गोळा झाली, माईनं गूळ वाटला. मी हसत होते, रडत होते, आणि सारखी अब्बांकडे बघत होते. अब्बांनी बाईंना सलाम केला, टोपी घातली आणि बाहेर निघून गेले. त्यांची मान वर गेली की खाली, गर्दीत मला दिसलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती तातीनंच. पण आवाज वेगळा होता. जुन्या रुईवर तात खरखरते, आणि चांगल्या लांब धाग्याच्या नव्या रुईवर गोड बोलते, हे आमच्या घरात तान्ह्या पोरालाही कळायचं. मी उठून दारात गेले. अब्बांच्या पुढं पांढराशुभ्र ढीग होता आणि भिंतीशी माझं पोतं, रिकामं. त्यांच्या केसांवर, भुवयांवर रुई. अम्मी कोपऱ्यात बसून नव्याकोऱ्या पट्ट्यापट्ट्यांच्या गादीपाटाची खोळ शिवत होती. तिनंही वर बघितलं नाही.

लग्नाची रुई खाली आली होती. म्हणजे मंगरूळपीर.

"कोनाची गादी, अब्बा?" मी विचारलं.

त्यांनी तात थांबवली नाही. "लय हुशार हायेस म्हने. साहेबाचा डबा ओळखला. हे बी ओळख."

मी दाराची चौकट धरली. "घरची का बाहेरची?"

"रुई घरची. जाईन बाहेर."

"मंगरूळले?"

टंग, टंग. "नाही."

अम्मीची सुई थांबली होती. मी खोळीकडं बघितलं. लग्नातल्या जहेजाच्या गाद्या मी जन्मभर बघितल्या होत्या. ही त्यांच्या निम्मीही रुंद नव्हती. तरी मी विचारलंच, कारण त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. "रुंद किती?"

"एक मानूस निजन एवढी."

"दुसऱ्याले जागा नाही?"

"दुसरा कायले? त्याईची खाट लहान हाये. मोजून आलो ना म्या." अब्बांनी मूठ खाली ठेवली आणि पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं. मान वर गेली होती, अगदी माईसारखी. "अजून काही इचारतं का?"

"नाही, अब्बा. ओळखलं."

"मंग उभी काय राह्यली? ये, खोळीचं तोंड धर. रुई भरू."